नाझरसाहेब निळे होतात

आपल्या पहिल्या नातीचं नाव काय ठेवलं, हे अंबडचे निवृत्त नाझर धम्मपालराव खरात यांना शेजारच्या महेमूद कंडक्टरकडून कळलं. महेमूदभाईंची महजबीन ही खरातांच्या दीपमालाची शाळेतली मैत्रीण. दीपमालाने पुण्यात बारशाचा फोटो टाकला, महजबीनने तो जालन्यात सासरी बसून पाहिला, अंबडला बापाला फोन केला, आणि महेमूदभाई मधल्या बुटक्या भिंतीवरून मान काढून म्हणाले, "मुबारक हो नाझरसाब! मायरा. नाव बढिया ठेवलं!"

"कोनाचं?" नाझरसाहेबांनी विचारलं.

प्रश्न तसा रास्त होता. कारण बारसं रविवारी होतं आणि हा शुक्रवार होता. आत प्रभावतीबाई रविवारच्याच तयारीत होत्या. त्यांनी स्वतः शिवलेली लाल कुंची, चांदीचे वाळे आणि दीपमालासाठी डिंकाचे लाडू असं सगळं एका पिशवीत भरून, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून, वर गाठ मारून ठेवली होती. नाझरसाहेबांनी शर्ट इस्त्रीला दिला होता. नातीसाठी 'सुजाता' हे नाव त्यांनी सुचवलं होतं आणि बुद्धांना खीर देणाऱ्या सुजातेची कथा व्याह्यांना सांगता यावी म्हणून मनातल्या मनात चार वेळा घोळवलीही होती.

"कोनाचं म्हंजे?" महेमूदभाई म्हणाले. "तुमच्या नातीचं. काल बारसं झालं न्हाई का? फोटोत तुमी दिसले न्हाई, मी म्हनलं फोटो काढाय उभे ऱ्हायले असतान."

नाझर म्हणजे काय, हे ज्यांचा कोर्टाशी संबंध आला नाही अशा भाग्यवान लोकांसाठी सांगायला हवं. दिवाणी कोर्टातली समन्सं, नोटिसा, जप्तीचे हुकूम हे सगळं बेलिफांकरवी ज्याच्या त्याच्या दारात पोचवून घेणारा जो अधिकारी, तो नाझर. हुकूम न्यायाधीश देतात, पण तो हुकूम घनसावंगीकडच्या उसाच्या फडात लपलेल्या प्रतिवादीच्या हातात पडतो तो नाझरामुळे. "कागद निघाला म्हंजे पोचला असं नसतंय," हे साहेबांचं वाक्य कोर्टाच्या आवारात चहावाल्यालाही पाठ होतं. अशा माणसाला स्वतःच्या नातीच्या बारशाची खबर पोचली नाही, ह्याला दुसरा काही शब्द नाही म्हणून आपण अपमान म्हणू.

त्यांनी दीपमालाला फोन लावला. पाठीमागे पाळण्याची कुरकुर ऐकू येत होती.

"पप्पा, तुम्ही आलाच नाहीत!" तीच आधी म्हणाली, आणि रडायला लागली.

"आगं माय, कुटं येनार? रविवार सांगितल्ता तू."

"दादांचं अमेरिकेचं विमान शनिवारचं निघालं, म्हणून गुरुवारी घेतलं. आई म्हणाल्या, ग्रुपवर सगळ्यांना सांगितलंय. मला वाटलं तुम्हाला कळलं."

'दादा' म्हणजे दीपमालाचे थोरले दीर. 'आई' म्हणजे तिच्या सासूबाई. स्वतःच्या आईला ती मम्मी म्हणत असे. त्यामुळे लग्नानंतर घोटाळा झाला नव्हता, एवढी एक सोय. लग्न प्रेमाचं होतं. "आम्ही जातपात अजिबात मानत नाही," असं विहीणबाईंनी पहिल्याच भेटीत तीनदा सांगितलं होतं. एकदा सांगितलं असतं तर नाझरसाहेबांनी विश्वास ठेवला असता.

"कोन्ता ग्रुप?" त्यांनी विचारलं. "माझ्या फोनवर तर काईच आलं न्हाई."

मग दीपमालाने डोळे पुसत पुसत जे समजावलं ते असं. सासरच्या सगळ्यांकडे एकाच महागड्या कंपनीचे फोन होते. त्या फोनमध्ये मेसेजची त्यांची स्वतःची सोय असते आणि ती त्या फोनांची आपापसात चालते. दादा अमेरिकेत असल्यामुळे घरचा ग्रुप तिथेच काढलेला. लग्नानंतर नाझरसाहेबांचा नंबर त्यात घातला, पण त्यांचा फोन दुसऱ्या जातीचा.

"जातीचा?" नाझरसाहेबांनी मध्येच विचारलं.

"म्हणजे दुसऱ्या सिस्टिमचा, पप्पा. तुम्ही असलात की अख्खा ग्रुप हिरवा होतो. त्यांचे आपापसातले मेसेज निळे असतात. हिरवा झाला की फोटो धूसर येतात, व्हिडिओ जात नाहीत, सगळं बिघडतं. म्हणून दादांनी..." पाळण्याची कुरकुर थांबली. "म्हणून दादांनी तुम्हाला सोडून दुसरा निळा ग्रुप केला. तात्पुरता."

नाझरसाहेबांनी फोन ठेवला आणि स्वतःच्या फोनमधले जुने मेसेज उघडून पाहिले. तेव्हा त्यांना गेल्या महिन्याचं एक कोडं सुटलं. विहीणबाईंकडून त्यांना इंग्रजीत एक मेसेज आला होता: 'लव्हड ॲन इमेज.' बरोबर इमेज नव्हती. "त्या बाईला कोन्ती इमेज आवडली, अन् ते तुमाला का सांगून राह्यली?" असं प्रभावतीबाईंनी तेव्हा कमरेवर हात ठेवून विचारलं होतं, आणि साहेबांना पासष्टीच्या उंबरठ्यावर स्वतःच्या चारित्र्याचा खुलासा करावा लागला होता. तो नातीचा दवाखान्यातला पहिला फोटो होता. सगळ्यांना फोटो मिळाला आणि ह्यांना तो आवडल्याची बातमी.

भिंतीपलीकडे महेमूदभाई सगळं ऐकत होतेच. एसटीत उभी हयात गेल्यामुळे दुसऱ्याचं बोलणं ऐकण्यात त्यांना गैर वाटत नसे.

"हिरवे म्हनले तुमाला?" ते म्हणाले.

"हिरवे म्हनले. आता बोला! सारा जन्म निळ्या झेंड्याखाली गेला माझा. चौदा एप्रिलला अख्खं अंबड निळं करत आलो. अन् पुन्यात म्हन्ते मी हिरवा."

"मंग आमच्यात आले तुमी," महेमूदभाई गंभीरपणे म्हणाले. "ईदला या शिरखुर्म्याला. आमच्याकडं फोटो धूसर येत न्हाई."

एरवी साहेब हसले असते. त्या दिवशी ते आत गेले आणि इस्त्री करून आलेला शर्ट घडीसकट कपाटात ठेवून दिला.

कोपऱ्यावरच्या सगुणाबाई, ज्यांना गल्लीत कुणाचं काही बिघडलं की वासावरून कळतं, संध्याकाळी येऊन म्हणाल्या, "भाऊ, पोरगी आपली, नात आपली. पिशवी भरेल हाय. सकाळची गाडी धरा अन् जा. कोन हुसकून देनार हाय?"

सल्ला इतका साधा आणि बरोबर होता की तो नाझरसाहेबांनी मानणं शक्यच नव्हतं. "बोलवल्याबिगर मी कोनाच्या दारात गेलो न्हाई," ते म्हणाले. "आता अडचन फोनची हाय ना? मंग फोनचीच काढू. मी तोच फोन घेतो."

प्रभावतीबाई एवढंच म्हणाल्या, "अडचन फोनचीच हाय ना, पन?"

ह्या प्रश्नाकडे साहेबांनी लक्ष दिलं नाही. पुढे जे जे झालं ते सगळं ह्या न दिलेल्या लक्षामुळे झालं.

पिशवी पुण्याला गेली ती कुरिअरने. प्रभावतीबाई जाऊ म्हणत होत्या, तर "फोन झाला की ताठ मानेनं जाऊ" हा साहेबांचा हेका. आणि सोमवारी ते महेमूदभाईंना घेऊन एसटीने जालन्याला गेले. जुन्या मोंढ्याजवळ महेमूदभाईंच्या साडूच्या नात्यातल्या अबुबकरचं मोबाइलचं दुकान होतं. कोरा फोन घ्यायची साहेबांची ताकद नव्हती. अबुबकरने एक वापरलेला फोन काढून, काच फुंकून, मखमलीच्या तुकड्यावर ठेवला.

"डॉक्टरसाब का है. सिर्फ घर से दवाखाना, दवाखाना से घर. एक खरोंच नहीं."

"याच्यात मी निळा दिसन का?" नाझरसाहेबांनी विचारलं.

अबुबकरने महेमूदभाईंकडे पाहिलं. महेमूदभाईंनी डोळ्यांनीच 'हो म्हण' सांगितलं. "एकदम निळे, साब. बिलकुल."

साहेबांचं सिमकार्ड कात्रीने कापून कापून आजवर तीन फोनांत बसवलेलं होतं. अबुबकरने ते चिमट्याने काढलं आणि त्याचे दोन तुकडे हातात आले. "ये तो जाने का ही था," तो शोकसभेत बोलावं तसं म्हणाला. "सामने कंपनी का ऑफिस है. नया सिम पाच मिनिट में."

पाच मिनिटांची गोष्ट ज्या ज्या खिडकीवर सांगितली जाते, तिथे डबा घेऊन जावं. खिडकीतल्या बाई अदबीने बोलत होत्या, हीच अडचण होती. भांडायला जागा नव्हती. त्या म्हणाल्या, "काका, आधारवर 'धम्मपाल' आहे, आमच्याकडे 'धमपाल' आहे. एक म कमी आहे."

"तो म तुमीच खाल्ला. मी पूर्न दिल्ता."

"हो काका, पण आता अंगठा लागेल."

साहेबांनी अंगठा ठेवला. यंत्राने नाकारला. पुसून ठेवला, नाकारला. दुसरा ठेवला, तोही नाकारला. नोकरीत ह्या माणसाने हजारो लोकांच्या अंगठ्यांना शाई लावून ते कागदावर दाबले होते. एखाद्या म्हातारीचा ठसा पुसट आला तर "माय, जरा जोर लाव" म्हणून दटावलं होतं. आणि आज एक काडेपेटीएवढं यंत्र त्यांना सांगत होतं की तुम्ही तुम्ही नाही.

"वय झालं की रेषा जातात, काका. ग्लिसरीन लावून या."

गल्लीत ही बातमी साहेबांच्या आधी पोचली. सगुणाबाईंनी लिंबू सांगितलं, महेमूदभाईंनी खोबरेल, आणि विहारातल्या एका उपासकाने रोज सकाळी अंगठा ओल्या वाळूत फिरवायला सांगितलं. साहेबांनी तिन्ही केलं. अंगठ्याला लिंबाच्या लोणच्याचा वास येऊ लागला, रेषा काही आल्या नाहीत. पुढच्या खेपेला त्या बाईंनी चेहऱ्यावर निभावलं. "कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकावा, काका." परक्या बाईपुढे डोळे मिचकावण्याचा प्रसंग आयुष्यात प्रथमच आल्यामुळे साहेबांनी ते इतक्या सावधपणे केलं की यंत्राला दिसलंच नाही. मग महेमूदभाई मागून ओरडले, "मारो नाझरसाब, जोर से मारो!" आणि अख्ख्या रांगेच्या साक्षीने साहेबांनी डोळे मारले. सिम मिळालं.

नव्या फोनने सिम पोटात घेतलं आणि विचारलं, निळ्या मेसेजसाठी नंबर चालू करायला परदेशात एक मेसेज पाठवू का? महेमूदभाईंना हे बिलकुल पसंत पडलं नाही. "परदेस में किसको? आपल्याला बारसं पुन्यात हाय." पण साहेबांनी हो म्हटलं. मेसेज गेला, त्याचे पैसे कापले गेले, नंबर मात्र चालू होईना. 'थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा,' असं फोन म्हणाला. साहेब सकाळ-संध्याकाळ प्रयत्न करत होते. दर वेळी एक मेसेज त्यांच्या पैशाने परदेशी जाऊन येत होता. साहेब स्वतः तोवर औरंगाबादच्या पलीकडे क्वचितच गेले होते.

ह्या वाट पाहण्याच्या काळात त्यांच्या हातून ती चूक झाली.

जुन्या फोनमध्ये सगळ्या जगाच्या वापरातलं ते नेहमीचं मेसेजचं ॲप होतं. त्यात नातेवाईक होते, कोर्टातले जुने सहकारी होते आणि 'विहार समिती, अंबड' हा ग्रुप होता, ज्याचे साहेब एकमेव ॲडमिन होते. निवृत्तीनंतर माणसाला हुद्दा लागतो. जुन्यातल्या ह्या गोष्टी नव्यात कशा न्यायच्या, असं त्यांनी अबुबकरला विचारलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, "जाते साब. कभी कभी नहीं जाते." दोन जातींच्या फोनांत केबल लावून त्याने दोन तास खटपट केली. तो दिवस नेमका 'कधी कधी'तलाच निघाला.

तेव्हा साहेबांनी स्वतःच मनावर घेतलं. त्यांचा जुना फोन मराठीत होता. सेटिंगमध्ये फिरताना एका ठिकाणी त्यांना दिसलं, 'माझे खाते हलवा.' हेच पाहिजे होतं! त्यांनी बोट ठेवलं. फोनने विचारलं, नक्की का? साहेबांनी हो म्हटलं. फोनने नंबर मागितला, दिला. कारण विचारलं, तेव्हा 'फोन बदलत आहे' हे कारण तयारच होतं. फोनने शेवटचं बजावलं, पुन्हा विचार करा. कोर्टातला माणूस, विचार एकदाच करतो. दाबलं. आणि मग चष्मा लावला.

'हलवा' नव्हतं. 'हटवा' होतं.

वर्षानुवर्षांच्या गप्पा, फोटो, दीपमालाच्या लग्नाचे व्हिडिओ, सगळं एका अक्षराने गेलं. आणि नाझरसाहेब ज्या ज्या ग्रुपमध्ये होते त्या प्रत्येकात पाटी झळकली की धम्मपाल खरात यांनी ग्रुप सोडला. अंबडमध्ये दिवसभर तर्क चालले. कोणी म्हणालं रुसले. कोणी म्हणालं पुण्याला कायमचे चालले. कोर्टातले एक जुने सहकारी तर तोंड पाडून घरी आले आणि दारात साहेबांनाच पाहून दचकले.

विहाराच्या ग्रुपमध्ये त्याहून वाईट झालं. एकुलता ॲडमिन गेला की ते ॲप आपल्या मर्जीने कुणाला तरी गादीवर बसवतं. त्याने रामकिसन मगरे यांना बसवलं. हे तेच रामकिसन, जे रोज पहाटे गुलाबाचं फूल आणि चहाचा कप पाठवत आणि ज्यांना साहेबांनी ग्रुपवर, सर्वांसमक्ष, 'शेवटची ताकीद' दिली होती.

साहेब त्यांच्या घरी गेले. रामकिसन झोपाळ्यावर बसले होते. त्यांच्यात एका आठवड्यात हुद्द्याचं वजन आलं होतं.

"जयभीम, साहेब. बसा. तुमी सोता ग्रुप सोडला ना? तसं दाखवून राह्यलं."

"सोडला न्हाई, रामकिसन. फोन बदलून राह्यलो. चुकून झालं. मला परत घ्या."

"घेतलं असतं. पन तुमीच शिस्त लावेल हाय. कोनी सोडून गेलं अन् परत आलं, तर बैठकीत विषय मांडायचा, असं तुमीच ठरवल्तं. अर्ज द्या."

"अर्ज?"

"साधा लिहा. कारन मातर लिहा बराबर."

बैठक झाली. अर्जावर चर्चा झाली. साहेबांना साधे सदस्य म्हणून घेण्यात आलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या नव्या फोनवर पहिला मेसेज आला तो गुलाबाचं फूल आणि चहाचा कप. साहेबांनी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. दुसरं करताही काय आलं असतं?

अखेर एके दुपारी परदेशवारी सफल झाली आणि नंबर चालू झाला. जावयाने लगेच त्यांना घरच्या ग्रुपमध्ये घेतलं. जावई मनाने वाईट नव्हता, फक्त आईसमोर त्याला मन नसे. साहेबांनी अंगावर शर्ट चढवला, जणू समोरून दिसणार आहे, आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'सर्वांना नमस्कार आणि जयभीम. मायरास आशीर्वाद.' पाठवलं. निळं!

ते फोन घेऊन भिंतीपाशी गेले. महेमूदभाईंनी चष्मा वर करून, खाली करून पाहिलं. "बराबर," ते म्हणाले. "पक्का निळा हाय."

मेसेजवर पटापट बदाम आले. दादांचा अमेरिकेतून, विहीणबाईंचा, व्याह्यांचा, जावयाचा, दीपमालाचा. साहेबांनी ते प्रभावतीबाईंना एकेक वाचून दाखवले. "हा तुझ्या विहिनीचा बदाम. हा व्याह्याचा." त्या दिवशी घरात शिरा झाला आणि भिंतीवरून एक वाटी पलीकडे गेली.

मग ग्रुप शांत झाला.

पहिले काही दिवस साहेबांनी फोनला दोष दिला. चार्जिंग केलं. बंद करून चालू केला. मग लोकांना दोष न देता कारणं दिली. मोठी मानसं, कामात असत्यात. त्यांनी स्वतःहून विषय काढून पाहिले. बाळाला ताप उतरला का, पुण्यात पाऊस कसा, इकडं मोसंबीला भाव बरा. प्रत्येकावर एक-दोन बदाम येत आणि पुन्हा शुकशुकाट. आमंत्रणाची वाट पाहता पाहता पावसाळा सरला. मायराचा नवा फोटो बघायचा तर अजूनही महजबीनकडून यायचा. महेमूदभाई तो भिंतीवरून दाखवत तेव्हा साहेब म्हणत, "हा मी कालच पायला." महेमूदभाई मान डोलवून फोन खिशात टाकत. कंडक्टरला खोटं तिकीट ओळखता येतं, पण प्रत्येक वेळी तो उतरवत नाही.

"आपन फोन करून जाऊन यावं," प्रभावतीबाई अधूनमधून म्हणत. "लेकरू बसाया लागलं असंन आता."

"उष्टावन आलंच जवळ. बोलवतेनच. आता ग्रुपमदी हावोत ना आपन."

त्या दुपारी दोघं ओट्यावर होते. प्रभावतीबाई नातीसाठी दुपटं शिवत होत्या. भिंतीपलीकडे महेमूदभाई खाटेवर कांद्याच्या माळा बांधत बसले होते. फोन वाजला. साहेबांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"विहीनबाईचा! ग्रुपवर! मोठा हाय!"

विहीणबाई मराठी इंग्रजी अक्षरांत लिहीत. साहेब ते समन्स पुकारल्यासारखं मोठ्याने, तोडून तोडून वाचत, म्हणजे प्रभावतीबाईंना कळावं आणि पलीकडेही ऐकू जावं. तसंच त्यांनी सुरू केलं.

"उष्टावन... शनिवारी... घरीच करतोय." त्यांनी बायकोकडे विजयाने पाहिलं. "बघ! म्हनलं नव्हतं? पुढं हाय. अंबडला... कळवायचं... नाही."

वाचताना माणूस कधी कधी अर्थाच्या पुढे निघून जातो. साहेबांचा आवाज तसाच पुढे गेला.

"मागे... फोनचं निमित्त... सापडलं. आता त्यांनी... तोच फोन घेतलाय. त्या ग्रुपवर... एक अक्षर नको. इथेच बोला."

प्रभावतीबाईंची सुई दुपट्यात तशीच राहिली. साहेब पडद्याकडे पाहत होते. पाहता पाहता तो मेसेज त्यांच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला, आणि तिथे बारीक अक्षरांत एक ओळ आली की मेसेज परत घेण्यात आला आहे. लगेच विहीणबाईंकडून दुसरा आला. सूर्यफुलाचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'सुप्रभात.' चार वाजले होते.

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. महेमूदभाई उठले होते. ज्या माणसाने अंगठ्यापासून परदेशी मेसेजपर्यंत प्रत्येक गोष्टीत सल्ला दिला होता, तो कांद्याची अर्धी माळ खाटेवर टाकून, आवाज न करता घरात गेला. आत रेडिओ लागला आणि जरा मोठा झाला.

"फोनची न्हवतीच अडचन," साहेब म्हणाले.

प्रभावतीबाई म्हणाल्या, "मला म्हाईत व्हतं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"बोलले व्हते." त्यांनी सुई ओढून काढली. "तुमी मोंढ्यात गेले."

इतका वेळ आला नव्हता तो राग साहेबांना आता आला. लिहावंसं वाटलं. लेखी, मुद्देसूद, तारीखवार. 'आपला दिनांक अमुकचा मेसेज मिळाला' अशी सुरुवातही मनात तयार झाली. त्यांनी बोट पडद्यावर ठेवलं आणि त्याच वेळी फोन वाजला. दीपमाला.

एरवी ती संध्याकाळी, बाळ झोपल्यावर फोन करी. आता चार वाजता. साहेबांनी फोन उचलला.

"पप्पा?" ती घाईत, दबक्या आवाजात बोलत होती. एखादं दार लोटून घेतल्यासारखं. "पप्पा, आत्ता ग्रुपवर काही आलं होतं का? तुम्ही बघितलं का काही?"

साहेबांना ती कुठे उभी असेल ते दिसलं. त्या घरात ती नेहमी स्वयंपाकघराच्या मागच्या गॅलरीत जाऊन बोलत असे. विहीणबाई म्हणाल्या होत्या, 'इथेच बोला.' त्या 'इथे'मध्ये, त्या दुसऱ्या ग्रुपमध्ये, ही पण होती. हिने ते वाचलं होतं. कदाचित ह्या आधीचंही सगळं वाचलं होतं, आणि संध्याकाळी बापाला फोन करून 'जेवलात का' म्हणून विचारलं होतं. तिला त्या घरात राहायचं होतं. लेकरू मांडीवर होतं.

प्रभावतीबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. त्यांनी मान हलवली की नाही, ते नक्की सांगता यायचं नाही.

"न्हाई गं माय," साहेब म्हणाले. "काय आल्तं का? मी झोपेल व्हतो. अन् हा फोन काई मला जमून न्हाई राह्यला. निम्मं काई दिसतच न्हाई त्याच्यात."

"नाही, काही नाही. असंच विचारलं," दीपमाला म्हणाली. मग, "बरं झालं."

आणि तिने सुटकेचा श्वास सोडला. तो अंबडला ओट्यावर अगदी कानाशी सोडल्यासारखा ऐकू आला. त्या महागड्या फोनला आवाज फार स्वच्छ येत होता.